पिल्सेन, आरे-वारे आणि आजोबांचं आऊत

गेल्या वर्षी मे महिन्यात माझ्या आतेबहिणीने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकवीस फोटो टाकले. ती प्रागला नोकरी करते. एका शनिवारी सकाळच्या गाडीने ती प्लझेनला गेली आणि संध्याकाळी परत आली. प्लझेन म्हणजे जर्मन नावाने पिल्सेन. 'पिल्सनर' हा शब्द तुम्ही बाटलीवर वाचला असेल, तो या गावाचा. फोटोंत चौक होता, उंच मनोऱ्याचं चर्च होतं, दोन कमानींचं दगडी प्रवेशद्वार होतं आणि जमिनीखालच्या थंडगार बोगद्यात लाकडी पिंपांच्या रांगा होत्या. शेवटच्या फोटोत ताई स्वतः, हातात फेसाळता ग्लास. खाली लिहिलं होतं, 'आजोबा इथे जन्मले असते तर त्यांचा पुतळा असता.'

ग्रुपवर कोणी काही बोललं नाही. आत्याने दोन तासांनी 'जेवलीस का' असं विचारलं. बाबांनी गणपतीपुळ्याच्या गणपतीचा फोटो टाकला.

आमचे आजोबा माडी काढायचे. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितोय. शाळेच्या फॉर्मवर, कॉलेजात, पुण्यातल्या नोकरीच्या गप्पांत मी 'आजोबांची बागायत होती' असं सांगत आलो. बाबांनी शिकवलेलं उत्तर आहे ते, आणि खोटंही नाही. वाऱ्यात आमची बावीस माडांची वाडी होती. फक्त त्यातल्या काही माडांना नारळ लागायचे नाहीत, मडकी लागायची.

डिसेंबरात ताई सुट्टीवर आली तेव्हा म्हणाली, मला रत्नागिरीत अगदी तसाच एक दिवस हवाय. सकाळी जुनं गाव, दुपारी समुद्र, शेवटी गावचं पेय. तू गाइड. मी म्हटलं चालेल. बाबांची स्कूटर घेतली आणि आम्ही निघालो.

पहिला मुक्काम थिबा राजवाडा. रत्नागिरीच्या शाळांमधल्या प्रत्येक पोराने निदान एकदा इथे सहलीत रांग धरली असेल, त्यामुळे आम्ही तो कधी नीट पाहिलेलाच नसतो. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी नोव्हेंबर १८८५ मध्ये मंडालेच्या गादीवरून उतरवलं आणि १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवलं. हा राजवाडा १९१० साली बांधून झाला, म्हणजे आधीची चोवीस वर्षं तो इतर बंगल्यांत होता. इथे राहायला आल्यावर सहा वर्षांनी, डिसेंबर १९१६ मध्ये तो गेला. मागच्या बाजूला उभं राहिलं की खाली भाट्याची खाडी आणि समुद्र दिसतो. ज्याने निर्वासिताला हा देखावा दिला त्याच्या मनात दया होती की क्रूरपणा, हे मला कधी ठरवता आलेलं नाही.

ताईला मी थिबाची एक वेगळी गोष्ट सांगितली. त्याचं राज्य घ्यायच्या वेळी इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्याचं जे चित्र रंगवलं, त्यात तो जिन पिऊन तर्र असणारा जुलमी राजा होता. प्रत्यक्षात हा माणूस राजा होण्याआधी मठात राहून बौद्ध धर्मग्रंथांच्या अवघड परीक्षा पास झालेला. त्याच्या दरबारात रक्तपात झाला, तो कोणी नाकारत नाही. पण जिनची बाटली त्याच्या हातात कशाला दिली? कारण ती देणं सोपं असतं. एखाद्याचं काही काढून घ्यायचं असेल तर आधी त्याला बेवडा ठरवावं. मग घेणाऱ्याला वाटतं आपण लुटत नाही, सुधारतोय.

"म्हणजे आजोबांचंही तेच झालं," ताई म्हणाली. तिला दिवसभर या दिशेने जायचं होतं आणि खरं सांगायचं तर मलाही.

राजवाड्याकडून आम्ही टिळक आळीत आलो. लोकमान्यांचा जन्म इथला, २३ जुलै १८५६ चा. कौलारू घर, अंगण, शांतता. बाहेर ताईला आठवलं की टिळक दारूच्या विरोधात होते. होतेच. १९०८ साली, अटक होण्याच्या काही महिने आधी, पुण्यात त्यांनी दारूच्या दुकानांपुढे स्वयंसेवक उभे केले होते. त्यांचा रोख सरकारवरही होता, कारण अबकारीचा पैसा सरकारच्या तिजोरीत जात होता. रयतेने प्यावं आणि सरकारने त्यावर जगावं, या व्यवहाराला त्यांचा आक्षेप होता. आज राज्याच्या अर्थसंकल्पात उत्पादन शुल्काचा आकडा पाहिला की त्या आक्षेपाचं वय वाढलंय, पण तो म्हातारा झालेला नाही असं वाटतं.

पतितपावन मंदिरात मात्र ताई बराच वेळ थांबली. हे मंदिर २२ फेब्रुवारी १९३१ रोजी सगळ्या जातींसाठी उघडलं गेलं. सावरकर तेव्हा रत्नागिरीत स्थानबद्ध होते, त्यांच्या पुढाकारातून ते उभं राहिलं, हे सगळ्यांना माहीत असतं. पैसा कोणी घातला हे कमी जणांना माहीत असतं. भागोजीशेठ कीर यांनी. रत्नागिरीच्या गरीब भंडारी घरातला मुलगा, मुंबईत मोठा बांधकाम ठेकेदार झाला. दादरला शिवाजी पार्कजवळची स्मशानभूमीही त्यांच्याच दानातली.

भंडारी म्हणजे आम्ही. माडाशी पिढ्यान्‌पिढ्यांचं नातं असलेली जात. लढवय्ये आणि दर्यावर्दीही. १६७९ साली खांदेरीवर इंग्रजांशी झुंजणारा मायनाक भंडारी शाळेच्या पुस्तकात भेटतो तेव्हा आमच्या घरी जरा ताठ बसतात. माडीचा धडा आला की सगळे वाकून चप्पल शोधायला लागतात. ताई देवळाच्या पायरीवर बसून म्हणाली, "पतितपावन. यातला पतित कोण ठरवलं होतं रे?" मी उत्तर दिलं नाही. तिला ते नको होतं.

इथपर्यंत दिवस आमच्या मनासारखा चालला होता. आमचा युक्तिवाद तयार होता आणि गाव त्याला पुरावे पुरवत होतं. तो युक्तिवाद मी नीट मांडतो, कारण त्यात बरंच खरं आहे.

प्लझेन १२९५ साली राजा वाक्लाव दुसरा याने वसवलं आणि तिथल्या घरमालक नागरिकांना बिअर बनवून विकण्याचा हक्क दिला. म्हणजे मद्य बनवणं हा तिथे नागरिकत्वाचा भाग होता. १८३८ साली बिअर इतकी वाईट निघाली की लोकांनी ३६ पिंपं नगरभवनासमोर ओतून दिली. चिडलेल्या नागरिकांनी मिळून एक नवा कारखाना काढला, बव्हेरियातून योझेफ ग्रोल नावाचा कारागीर आणला आणि १८४२ साली त्याने तिथल्या मऊ पाण्यात आणि फिकट माल्टमध्ये ती सोनेरी बिअर बनवली, जिची नक्कल आज जगभर होते. दोन कमानींचं ते प्रवेशद्वार कारखान्याच्या पन्नासाव्या वर्षाचं, १८९२ चं. ते बाटलीच्या लेबलवरही असतं. ग्रोलचं नाव गावातल्या पोरांना माहीत आहे.

आता आजोबा काय करायचे ते सांगतो. माडाला पोय येते, ती उमलायच्या आधीच दोरीने घट्ट बांधायची. मग काही दिवस तिला रोज हलक्या हाताने ठोकायचं. जास्त जोर लावला तर पोय कुजते, कमी लावला तर रस सुटत नाही. किती जोर, हे आजोबांच्या मनगटाला माहीत होतं. पोय तयार झाली की टोक कापून खाली मडकं बांधायचं. त्यानंतर रोज सकाळ-संध्याकाळ माडावर चढून टोकाची कागदासारखी पातळ चकती कापायची, म्हणजे जखम बुजत नाही आणि थेंब चालू राहतो. कापायचं हत्यार म्हणजे आऊत, रुंद पात्याची कोयती, कमरेला मागे अडकवलेली. त्याची धार अशी की आजोबा तिने दाढी करायचे अशी एक आख्यायिका आमच्याकडे आहे. सहा माडांना मडकी असली तर दिवसातून बारा वेळा चढायचं, बारा वेळा उतरायचं. पन्नास-साठ फूट. खोडाला कापलेल्या खाचांवर पायाचा अंगठा ठेवून.

माडीला कारखाना लागत नाही. पहाटे उतरवलेला रस गोड असतो, हवेतलं आणि मडक्यातलं यीस्ट आपणहून कामाला लागतं. दुपारपर्यंत ती आंबूस होते, संध्याकाळी चढते. ठेवली तर काही दिवसांनी तिचा शिरका होतो. मडक्याला आतून चुना लावला तर आंबणं रोखलं जातं आणि नीरा मिळते. गोव्यात याच रसाला सूर म्हणतात, त्यावर सान्नां फुगतात, जुने बेकरीवाले पावसुद्धा त्यावर फुगवायचे. बिअरचं उलट आहे. सातूत तयार साखर नसते, ती मोड आणून काढावी लागते, मग उकळा, हॉप्स घाला, थंड तळघरात आठवडेच्या आठवडे ठेवा. एवढं केलं की ती टिकते. बाटलीत बसते, जहाजात चढते, तिला लेबल लागतं आणि शेवटी संग्रहालय लागतं. माडीचं आयुष्य एका दिवसाचं. तिचं संग्रहालय कसं करणार?

सरकारलाही हीच अडचण होती. जे टिकत नाही ते मोजणार कसं? १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर माडी काढणाऱ्यावर झाडागणिक कर बसवला आणि तो वाढवत नेला. माडी स्वस्त राहिली तर गाळलेल्या दारूचा महसूल बुडतो, हे त्यामागचं एक गणित होतं. म्हणजे सौम्य पेय महाग करायचं आणि कडक पेय एका ठिकाणी गाळून, मोजून, ठेका देऊन विकायचं. पुढे स्वराज्य आलं आणि १९५० साली मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी झाली. आजोबा तेव्हा विशीत होते. वडिलांकडून शिकलेलं काम एका एप्रिल महिन्यात गुन्हा झालं. त्यांना एकदा पोलिसांनी मडक्यासकट चावडीपर्यंत चालवत नेलं होतं, सगळ्या गावासमोरून. साठच्या दशकात बंदी सैल झाली आणि ते परवान्याने पुन्हा चढायला लागले. पण ते चालवत नेणं घरातून गेलं नाही. बाबांच्या 'बागायत' या शब्दात ते अजून आहे.

बंदीचा तो १९४९ चा कायदा आजही आहे. महाराष्ट्रात दारू प्यायची तर वैयक्तिक परवाना लागतो आणि मूळ कल्पना अशी की तुमच्या प्रकृतीच्या रक्षणासाठी तो दिलेला आहे. पुण्यात शुक्रवारी रात्री माझ्या प्रकृतीचं जे रक्षण होतं त्यासाठी मी आजवर परवाना काढलेला नाही, तुम्हीही बहुधा नसेल. काजूच्या बोंडूचं आणखी मजेदार. आमच्या जिल्ह्यात बी काढून घेतली की बोंडं झाडाखाली सडतात. तीच बोंडं बांद्याची हद्द ओलांडून गोव्यात गेली की त्यांची फेणी होते आणि फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. २०२२ साली आपल्या मंत्रिमंडळाने बोंडू आणि मोहाच्या फुलांची दारू 'विदेशी मद्य' या वर्गात घालायचं ठरवलं. आमच्या परसातल्या बोंडूला मान मिळायचा तर त्याला आधी परदेशी व्हावं लागतं.

तर असा आमचा युक्तिवाद. मद्याबद्दलची नीती ही पुष्कळदा मद्य बनवणाऱ्याच्या पायरीबद्दलची नीती असते. ग्रोलची ती कला, आजोबांची ती लाज. साखरतरचा पूल ओलांडेपर्यंत ताई मागच्या सीटवरून हेच माझ्या कानात ओरडत होती आणि मी वाऱ्यात मान हलवत होतो.

काळबादेवी मागे पडलं की रस्ता चढायला लागतो. आरेचा किनारा आधी दिसतो, लांब, फिकट, सुरूच्या बनाची काळी किनार असलेला. घाटी चढून वर आलात की वळणावर एकदम दोन्ही बाजू उघडतात, इकडे आरे, तिकडे वारे, मध्ये डोंगराचं नाक समुद्रात घुसलेलं. या वळणावर सगळे थांबतात. आम्हीही थांबलो. चार गाड्या होत्या, एका गाडीचा दरवाजा उघडा, गाणी चालू, पोरं कठड्यावर बसून कॅन पीत होती. खाली धोक्याचा फलक आहे. हा समुद्र दिसतो तेवढा भोळा नाही, दरवर्षी कोणी ना कोणी बुडतं आणि त्यात पिऊन उतरलेलेही असतात. गाव अशा वेळी दोर घेऊन धावतं. ताईने फोटो काढला, कॅनवाली पोरं फ्रेममध्ये येणार नाहीत याची काळजी घेऊन.

वाऱ्यात माझी काकू राहते. ताईची मामी. वाडीच्या कडेचं तेच जुनं घर. बावीसातले चौदा माड उरलेत. मडकी कुठल्याच माडाला नाहीत. आजोबा २००९ मध्ये गेले. काका २०१४ च्या पावसाळ्यात गेला, बेचाळीस वर्षांचा. टेम्पो चालवायचा. आधी संध्याकाळी प्यायचा, मग दुपारी, मग टेम्पो विकून सकाळी. शेवटी डोळे पिवळे झाले, पोट फुगलं, पाय सुजले. पंधरा दिवस दवाखान्यात होता. माझी बारावीची तयारी चालू होती म्हणून मला शेवटी एकदाच नेलं.

काकूने आम्हाला आंब्याखाली खुर्च्या दिल्या. ताईने पिशवीतून कागदात गुंडाळलेला जाड काचेचा ग्लास काढला, कारखान्याचं चिन्ह असलेला, आणि म्हणाली, "मामी, तुझ्यासाठी आणलाय. आजोबांची आठवण म्हणून." मग तिने सगळं सांगितलं. चौक, कमानी, बोगदे, पिंपं. तिकडे आजोबांसारख्या माणसाला किती मान असतो. हा आपला वारसा आहे, त्याची लाज कसली.

मला तेव्हाच पोटात कसंतरी झालं. काकू शांतपणे ऐकत होती, ग्लास हातात उलटासुलटा फिरवत.

"वारसा तुमचा गो बाय," ती म्हणाली. "ओकाऱ्या मी काढल्यात."

आवाज चढला नव्हता. चहाला साखर किती, या सुरात ती ते बोलली आणि चहा ठेवायला आत गेली.

ताईने माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे उत्तर तयार होतं, म्हणजे अनेक दिवस तयार होतं. काकाला मारलं ते देशीच्या क्वार्टरने. माडीने नाही. माडी पाच टक्क्यांच्या आसपासची, तीही ताजी, तीही ओळखीच्या माणसाने ओळखीच्या माणसाला दिलेली. आजोबा अंधार पडला की कोणाला देत नसत. कोणाच्या घरी कोण वाट पाहतंय हे त्यांना माहीत असायचं, एखाद्याला 'आता घरी जा' असं सांगून ते मडकं झाकायचे. क्वार्टर भरणाऱ्या कारखान्याला हे कुठून कळणार? त्याच्यासाठी गिऱ्हाईक म्हणजे आकडा. म्हणून दोष पेयात नसून अंतरात आहे. बनवणारा आणि पिणारा एकमेकांना दिसेनासे झाले की मद्याचं विष होतं. हा मुद्दा मी पुण्यात मित्रांना एकदा समजावून सांगितला होता, बिअर पिताना, आणि सगळ्यांना पटला होता.

पण त्या अंगणात मला तो बोलता येईना. कारण मला एक गोष्ट माहीत होती, जी काकूलाही माहीत आहे आणि आमच्या घरात कोणी बोलत नाही. काकानेच मला सांगितली होती, बरा होता तेव्हा, हसत हसत. त्याने पहिला घोट नवव्या वर्षी घेतला. सर्दी झाली होती म्हणून आजोबांनी सकाळची गोड माडी वाटीत ओतून दिली. मग तो मडकं उतरवताना पेल्याभर मागायला लागला. मग संध्याकाळी, आजोबांची पाठ वळली की. ओळखीच्या माणसाने ओळखीच्या माणसाला. बापाने मुलाला.

यातून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. कोकणात हजारो पोरांनी सकाळची गोड माडी प्यायली आणि पुढे मास्तर झाली. बाबाही त्याच वाटीतून प्यायले असणार. त्यांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही. त्याच घरात, त्याच माडाखाली वाढलेले दोन भाऊ. काका का पडला याचं उत्तर माडीत नाही, क्वार्टरमध्येही पुरतं नाही. पण अंतराचा माझा जो सुबक सिद्धांत होता, त्यात आजोबा अगदी स्वच्छ राहत होते आणि तो मी त्यासाठीच बनवला होता. कारखान्याचा मालक मला दिसत नाही म्हणून त्याच्यावर सगळं ढकलणं सोपं गेलं. आजोबांच्या खांद्यावर मी बसलेलो आहे.

काकू चहा घेऊन आली. बशीत चुलीत भाजलेले काजूगर. ताई जराशी रडवेली झाली होती, म्हणाली, "मामी, मला तसं म्हणायचं नव्हतं."

"मला ठाऊक आहे गो," काकू म्हणाली. "तुझे आजोबा देवमाणूस. मला सून म्हणून आणली ती लेकीसारखी ठेवली. त्यांचं काम मी बघितलंय, ह्या माडावर चढताना. आता कोणाला येणार नाय तसं." थोडं थांबली. मग तिने विचारलं, खरंच जाणून घ्यायचं म्हणून विचारलं, "त्या तुझ्या गावात गो, नवरा रात्री घरी नाय आला तर बायका काय करतात?"

ताईला सांगता आलं नाही. कारखान्याच्या फेरीत तो भागच नव्हता. पिंपं कशी बनतात ते होतं, पाणी कुठून येतं ते होतं, सम्राट कधी येऊन गेला ते होतं. प्रश्न विचारा असं शेवटी गाइड म्हणाला तेव्हा कोणीतरी किती लिटर निघते ते विचारलं.

मी नंतर या प्रश्नावर बराच विचार केला. चेक लोक दरडोई बिअर पिण्यात जगात सर्वांत पुढे असतात आणि याचा त्यांना अभिमान आहे. त्याच देशात गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात मद्याचा अंशही चालत नाही. म्हणजे कमानीच्या आत जे सांगत नाहीत ते त्यांच्या कायद्याला माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०१९ या एका वर्षात जगात सुमारे २६ लाख मृत्यू मद्यामुळे झाले. ते सगळे देशीच्या गुत्त्यावरचे नव्हते. त्यात उत्तम, नामांकित, तळघरात मुरलेली पेयं पिणारेही आहेत आणि त्यांच्याही घरी कोणीतरी दार उघडं ठेवून बसलेलं होतं. वारसा सांगताना बनवणारा बोलतो, पिणारा बोलतो, विकणारा तर बोलतोच. वाट पाहणारीला तिथे खुर्ची नसते. आमच्याकडे तिला एक जागा मिळाली, ती म्हणजे मतपेटी. गावागावांत बायकांनी 'उभी बाटली की आडवी बाटली' म्हणत दुकानं बंद पाडली. आमच्यासारखे शिकलेले लोक त्याला भाबडेपणा म्हणतात, बंदीने दारू थांबत नाही, चोरून येते, असं आकडे देऊन सांगतात. चंद्रपुरात २०१५ ला आलेली बंदी २०२१ ला उठली तेव्हा मीही असंच काहीतरी पोस्ट केलं होतं. मुद्दा चुकीचा नव्हता. पण मी तो ज्या सुरात लिहिला होता तो आठवला की आता कान गरम होतात.

मग आजोबांचं काय करायचं? लाज सोडायची म्हटली तर अभिमानच हाताशी येतो, तिसरं काही सापडत नाही. ताई दिवसभर मला अभिमान विकत होती आणि मी घेत होतो, कारण लाजेपेक्षा तो अंगाला बरा बसतो. दोन्हींत एक सोय आहे. बाबा 'बागायत' म्हणतात तेव्हा त्यांना मडकी दिसत नाहीत. ताई 'वारसा' म्हणते तेव्हा तिला काकू दिसत नाही. मला वाटतं मी निदान एवढं करावं की आजोबा माडी काढायचे हे सांगावं, ते किती कसबी होते हेही सांगावं आणि त्याच दमात काकाचं नाव घ्यावं. ऐकणाऱ्याला अवघडल्यासारखं होईल. होऊ दे. पुतळा उभारायचा तर शिल्पकाराला दोघांनाही कसं बसवायचं ते सुचायला हवं, ते मला सुचलेलं नाही.

त्या दिवशी आम्ही माडी प्यायलो नाही. गावात एकजण अजून काढतो, मी त्याला सकाळीच सांगून ठेवलं होतं, त्याने फोनही केला. ताईने मान हलवली. नंतर स्कूटरवर ती म्हणाली की तहान होती, चव घ्यायची फार इच्छा होती, आणि नाही म्हटलं यात काही मोठेपणा नाही, फक्त मामीच्या अंगणातून उठून लगेच तिकडे जाववेना. मलाही तसंच वाटलं. पुण्याला गेल्यावर मी पुन्हा शुक्रवारी बसलो, तेही सांगून टाकतो.

निघताना ताईने आजोबांचं आऊत मागितलं. प्रागच्या घरात भिंतीवर लावायचं होतं तिला, खाली छोटी पट्टी लावून, नाव आणि साल घालून. काकूने पडवीतून ते आणलं. मूठ तेलाने काळी झालेली, पातं झिजून अर्धं राहिलेलं, पण धार होती. ताईने ते दोन्ही हातांत धरलं. काकू म्हणाली, "ने गो, पण मग मी झावळ्या कशानं तोडू?"

ताईने ते परत दिलं. ग्लास अंगणातल्या खुर्चीवरच राहिला होता, त्यात कोणीतरी काजूची सालं टाकली होती. आम्ही स्कूटर वळवली तेव्हा काकू पडलेल्या झावळीपाशी वाकली होती आणि एकेका घावात ती सोलत होती.